सुविचाराच्या पाटीचे तोंड कोणाकडे?

'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला ही ओळ ठाऊक नाही असे सहसा होत नाही. दहावीच्या निरोप समारंभात ती येते, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत भिंतीवर चिकटवलेली असते, भाषण करताना वक्ता अडखळला की त्याच्या मदतीला धावते. अर्थ ठरलेला: कष्ट करा, अशक्य असे काही नाही. आता श्लोक पुढे वाचून पाहा. भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक वामन पंडितांनी मराठीत आणला. त्यात वाळूनंतर मृगजळ येते, मग सशाचे शिंग येते, आणि चौथ्या चरणात कवी मूळ मुद्द्यावर येतो: 'परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचे शिंगही हाती लागेल. पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत काही घालता येणार नाही. हा श्लोक प्रयत्नांची थोरवी गाणारा नव्हेच. कुठे प्रयत्न करू नयेत, ते तो सांगतो. आपण पहिला चरण ठेवून घेतला, उरलेले तीन सोडून दिले, आणि भर्तृहरीच्या वैतागाचे प्रेरणादायी वाक्य करून टाकले.

एक श्लोक असा कापला गेला म्हणून कोणाचे आभाळ कोसळलेले नाही, हे मान्य. पण नीती, संयम, मनोनिग्रह यांविषयीच्या आपल्या बहुतेक वचनांची हीच गत झाली आहे. मागची-पुढची ओळ गेली, कोण कोणाला म्हणत होते तेही गेले, आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलेला 'आजचा सुविचार' तेवढा राहिला. असा सुटा सुविचार कोणाच्याही तोंडी बसतो, आणि वरच्या खुर्चीतल्याच्या तोंडी जरा जास्तच चपखल बसतो. संयमाचे वचन माणूस स्वतःला सांगतो तेव्हा त्याचा उपयोग होतो. तेच वचन खालच्या पायरीवरच्या माणसाला ऐकवले की त्याचा बहुधा हुकूम होतो. शाळेत ही वचने शिकवावीत की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. माझे मत असे की जरूर शिकवावीत, पण हा फरक दाखवून शिकवावीत. तो दाखवायचा नसेल तर न शिकवलेली बरी.

तो वाद शेवटचा जोरात पेटला २०२४ च्या मे महिन्यात. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठांतरासाठी सुचवला होता, आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला, थोरांचा आदर करण्याविषयीचा एक श्लोक दिला होता. मग जे व्हायचे ते झाले. एक बाजू म्हणाली, वडीलधाऱ्यांना मान द्या म्हटले तर बिघडले कुठे? दुसरी म्हणाली, ग्रंथ कोणता आहे ते आधी पाहा. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी जो जाळला तो हाच. पहिल्या बाजूला दुसरीचे म्हणणे भावनिक वाटले. मला ते चोख तर्कशुद्ध वाटते, आणि त्याचा पुरावा मनुस्मृतीच्या त्याच दुसऱ्या अध्यायात आहे. वृद्धांची नित्य सेवा करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, असे सांगणारा श्लोक त्या अध्यायात आहे, आणि तिथून चौदा श्लोक पुढे गेले की दुसरा येतो: दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांना बाप-लेक समजावे, आणि त्यांतला बाप तो ब्राह्मण. आता सांगा, थोर कोण? शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याने दहा वर्षांच्या पोराला बाप मानायचे असेल, तर 'थोरांचा आदर करा' हे वाक्य दिसते तितके निरागस राहत नाही. 'वाक्यात वाईट काय आहे?' या प्रश्नाने हे कधी उघड होणार नाही, कारण वाक्यात वाईट काही नसतेच. ते त्याच्या शेजारपाजारात असते.

कोणी म्हणेल, मनुस्मृतीचे सोडा, संतांचे तरी निर्धास्त घ्या. घ्यावे, पण तिथेही वचन कोणाच्या तोंडचे आहे ते पाहूनच घ्यावे. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान' ही तुकोबांची ओळ आपल्याकडे कोणाला ऐकवली जाते? पगारवाढ मागणाऱ्याला. सासरचा जाच सांगत माहेरी आलेल्या मुलीला. सावकाराच्या दारातून परतलेल्या माणसाला. आणि ती म्हणणारा माणूस कोण होता? देहूतल्या महाजनाचा मुलगा, ज्याच्या घरात पिढीजात वाण्याचा धंदा आणि सावकारी होती. सतराव्या शतकातल्या त्या भीषण दुष्काळात त्याचे घरच बसले, बायको गेली. परंपरा सांगते की त्यानंतर त्याने कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. म्हणजे 'आहे त्यात समाधान मान' हे त्याने स्वतःला सांगितले, आणि सांगण्याआधी लोकांकडून येणे असलेले पाण्यात सोडले. आपण ती ओळ उचलून धनकोच्या हातात दिली आणि ऋणकोसमोर उभी केली. तुकोबांना याहून मोठी शिक्षा कोणती देता आली असती, मला सुचत नाही.

याच तुकोबांची दुसरी ओळही सगळ्यांना पाठ आहे: 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.' पहिलीच्या नेमकी उलट. एकाच माणसाने दोन्ही म्हटल्या, मग खरी कोणती? दोन्ही खऱ्या, कोणत्या वेळी कोणती, एवढाच प्रश्न आहे. पण या दुसऱ्या ओळीच्या आधीचा अभंग किती जणांना ठाऊक असतो? 'साधुनी बचनाग खाती तोळा तोळा, आणिकाते डोळा न पाहवे.' बचनाग हे जहाल विष. सवयीने माणसे ते तोळ्या-तोळ्याने पचवतात. इतरांना ते नुसते बघवत नाही. पुढे साप हातात धरणारे गारुडी येतात, ज्यांना पाहून बाकीचे कापतात. आणि मग ती प्रसिद्ध ओळ. अभ्यास म्हणजे काय याचे असे रांगडे, अंगावर काटा आणणारे चित्र तुकोबांनी दिले, आणि आपण ते पुसून खाली नुसती शिकवण ठेवली. मुलाला हा सबंध अभंग सांगितला तर त्याला संयमाविषयी एक खरी गोष्ट कळेल: तो एकदा ठरवून येत नाही, थोडा थोडा अंगी भिनवावा लागतो, आणि त्यात धोका असतो. सुटी ओळ फळ्यावर वाचून त्याला फक्त परीक्षा जवळ आल्याचे कळते.

रामदासांचे दोनशे पाच मनाचे श्लोक तर सरळ सरळ स्वतःशी बोललेले आहेत. 'नको रे मना क्रोध हा खेदकारी' असे म्हणताना समोर शिष्य नाही, पोरगा नाही, नोकर नाही. मन आपले, कान आपले. लोकांना नावे ठेवायची तेव्हा रामदास बिचकत नाहीत. दासबोधात मूर्खांची लक्षणे त्यांनी ओळीने मांडली आहेत. पण त्याच दशकात पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला आहे: जो बहुश्रुत आहे, ज्ञान सांगतो, आणि स्वतः मात्र त्यातले काही करत नाही. उपदेश करणाऱ्यांसाठीच जणू वेगळी रांग. घराघरांत मात्र काय होते? संध्याकाळी दिवा लागला की वडील मुलाला समोर बसवून हेच श्लोक म्हणून घेतात, आणि 'क्रोध हा खेदकारी'शी मुलगा अडखळला की त्याच्यावर खेकसतात. (हे दृश्य कुणाला ओळखीचे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही.)

घरातले हे हसण्यावारी नेता येते. कचेरीतले नेता येत नाही. एका तालुक्याच्या गावी दाखले मिळतात त्या खोलीत मी जूनमध्ये उभा होतो. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेयर, रहिवासाचे दाखले, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर. सर्व्हर बंद. रांग दारातून बाहेर, व्हरांड्यातून पायऱ्यांपर्यंत. खिडकीमागच्या भिंतीवर, कारकुनाच्या डोक्याच्या बरोबर वर, चौकटीत पाटी: 'क्रोध हा माणसाचा सर्वांत मोठा शत्रू आहे.' कारकुनाची पाटीकडे पाठ होती. ती वाचत होतो ते आम्ही रांगेतले. माझ्या पुढे एक बाई होत्या, मजुरीचा खाडा करून आलेल्या. 'उद्या या' हे त्यांनी आधीही ऐकलेले होते. त्यांनी जरा आवाज चढवला, तेव्हा खिडकीतून उत्तर आले, 'ताई, ओरडून काही होणार आहे का?' आणि बोट वर, पाटीकडे.

आता कायद्याने त्या भिंतीवर काय हवे? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा अधिकारी कोण, न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे कार्यालयाने लोकांना दिसेल असे लावायचे आहे. त्या खोलीत तो तक्ता होताही. दाराच्या मागे, दार उघडे असले की झाकला जाणारा. मला त्या कारकुनाचा राग नाही. सर्व्हर त्याने पाडलेला नव्हता, दिवसभर शिव्या खायला तोच बसलेला होता. पण कोणती पाटी पुढे आणि कोणती दारामागे, हे कोणीतरी ठरवलेले असते, किंवा कोणीच न ठरवता तसे होते, आणि दुसरे मला जास्त चिंतेचे वाटते. जिथे हक्क सांगायचा तिथे आपण सहजपणे सद्गुण टांगतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. समाज बिघडलेला असो नसो, ज्याच्या अंगी संयम तो पुढे जातोच ना? मग गरिबाच्या मुलाला तर तो आधी शिकवला पाहिजे. या मुद्द्याला अनेकांनी शास्त्राचा आधार दिला तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांसमोर मार्शमेलो किंवा तसलाच खाऊ ठेवला: आत्ता खायचा तर हा एक, थांबलास तर दोन. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असे पाठपुराव्यात दिसले, आणि जगभरच्या व्याख्यात्यांना एक बोधकथा मिळाली. आपल्याकडच्या पालकसभांतही ती सांगितली जाते, बहुधा मार्शमेलोच्या जागी चॉकलेट घालून.

गोष्टीचा पुढचा भाग मात्र त्या सभांत पोहोचत नाही. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो निम्म्यावर आला. आणि घरची परिस्थिती, आईचे शिक्षण, मुलाची आधीची समज हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा गेला. त्याहून बोलका प्रयोग २०१३ चा आहे, रॉचेस्टर विद्यापीठातला. मुले फक्त अठ्ठावीस. खाऊच्या आधी प्रत्येकाला चित्र काढायला बसवले, वापरून झिजलेले खडू दिले, आणि सांगितले, जरा थांब, मी तुला नवे चांगले खडू आणून देते. निम्म्या मुलांना ते खडू मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे ती बाई रिकाम्या हाताने परत आली: 'माफ कर, नाहीत आमच्याकडे.' मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. आणि त्यानंतर खाऊ: थांबलास तर दोन. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, चौदांपैकी नऊ जण पुरी पंधरा मिनिटे. ज्यांची फसवणूक झाली होती ती सरासरी तीन मिनिटे, आणि शेवटपर्यंत टिकले एकच मूल.

त्या दुसऱ्या गटातली मुले असंयमी होती का? मला तर ती शहाणी वाटतात. थांबण्याला अर्थ असतो तो समोरचा शब्द पाळेल असा भरवसा असेल तर. पंचनामा झाला, भरपाई येईल, थांबा. वसतिगृहाची यादी लागेल, थांबा. शिष्यवृत्ती खात्यावर पडेल, थांबा. असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या घरातल्या मुलाने समोरचा खाऊ लगेच खाल्ला, तर त्याला 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकवण्याआधी एकदा आपण तळ्याचे काय केले ते बघावे.

जोतीराव फुल्यांनी हे १८८३ सालीच ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभी ते लिहितात: 'विद्येविना मति गेली; मतीविना नीति गेली; नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले; वित्ताविना शूद्र खचले.' हेही एक छोटेसे नीतिवचनच आहे, शाळांच्या भिंतींवर तेही असते. पण त्याची बांधणी इतर सुविचारांहून वेगळी आहे. इथे नीती आरंभी येत नाही. ती दुसऱ्या कशाच्या तरी अभावाने जाते. आणि शेवटच्या ओळीत, 'इतके अनर्थ एका अविद्येने केले,' दोष खचलेल्या माणसावर नाही, त्याला विद्येपासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे जातो. सद्गुणाला कारणे असतात, हे इतक्या थोड्या शब्दांत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

आणि बहिणाबाई चौधरींनी तर उपदेशाच्या वाटेलाच न जाता मनाकडे नुसते पाहिले: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.' यात 'आवरा' नाही, 'जिंका' नाही. ज्या बाईने उभ्या पिकातून ढोरे हाकलली आहेत तिला ठाऊक आहे की ती परत येणार, आणि परत हाकलावी लागणार. गीतेतला अर्जुनही मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे अशी तक्रार करतो, आणि कृष्ण ती नाकारत नाही. आधी कबूल करतो, मग अभ्यास सांगतो. फळ्यावरच्या सुविचारातून वगळले जाते ते हेच कबूल करणे. 'मनावर ताबा मिळवा' हे वाचून ज्या मुलाला तो मिळत नाही त्याला वाटते, खोट आपल्यातच आहे.

म्हणून मनाचे श्लोक पाठ करून घ्यायला माझी हरकत नाही. पाठांतराला नाके मुरडण्याची फॅशन मला पटत नाही. लहानपणी पाठ झालेली ओळ चाळिशीत कधीतरी कामाला येते, आणि तेव्हा ती पुस्तकात शोधत बसायला वेळ नसतो. पण पाठ करायचा तर सबंध श्लोक करावा, आणि त्याच्या शेजारी त्याच्याशी भांडणारा दुसरा ठेवावा. 'मौनं सर्वार्थ साधनम्' लिहिले त्याच फळ्यावर 'बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोने विकले जात नाही' हेही लिहावे, आणि कधी गप्प बसावे, कधी बसू नये, हे वर्गाला विचारावे. सातवी-आठवीची मुले या प्रश्नाला काय उत्तरे देतात ते ऐकण्यासारखे असते. गप्प बसल्यामुळे कोणाचे काय गेले याची उदाहरणे त्यांच्याकडे आपल्याहून जास्त असतात.

'आधी चांगले संस्कार होऊ द्या, प्रश्न मोठेपणी विचारतील,' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की ते मोठेपण आपल्या शिक्षणात येते कधी? मराठीच्या पेपरात वर्षानुवर्षे 'कल्पनाविस्तार करा' असा प्रश्न असे. एखादी ओळ द्यायची आणि मुलाने ती फुलवायची. गाईडमधली सगळी उत्तरे एकाच साच्याची: ओळीचा अर्थ, दोन थोर पुरुषांची उदाहरणे, आणि 'म्हणूनच कवीने म्हटले आहे ते सार्थ आहे.' ती ओळ सार्थ नाही, किंवा नेहमीच सार्थ नाही, असे लिहिणारे उत्तर माझ्या पाहण्यात आले नाही. तसे लिहून गुण मिळतील याची खात्री कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही मुलाला दिलेली नसते. नव्या आराखड्यात पाठांतरासाठी कोणते श्लोक घ्यायचे यावर समित्या बसतील तेव्हा बसोत. त्याआधी परीक्षकांसाठीच्या सूचनांत एक ओळ घालता येईल: दिलेल्या वचनाशी कारणे देऊन असहमती दाखवणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. त्याला ना पैसे लागतात, ना मसुदा.